पुनरागमनाची कथा आणि गीतातील 'मी'

एखाद्या वयोवृद्ध कलावंताची नवी कृती 'पुनरागमन' म्हणून गौरविली जाते, तेव्हा समीक्षकाने एकाच शब्दात दोन विधाने केलेली असतात. पहिले कृतीच्या गुणवत्तेविषयीचे, दुसरे कर्त्याच्या चरित्राविषयीचे. पहिल्याचा पुरावा कृतीतच शोधता येतो. दुसऱ्याचा कृतीबाहेर शोधावा लागतो. ह्या दोहोंची गल्लत कशी होते, ह्याचे उद्बोधक उदाहरण म्हणजे बॉब डिलन ह्या अमेरिकन रॉक गायकाच्या 'टाइम आउट ऑफ माइंड' ह्या अल्बमचे झालेले स्वागत होय.

सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्बम म्हणजे सात वर्षांनंतर आलेला डिलनच्या स्वरचित नव्या गीतांचा पहिला संग्रह. १९९८ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हा गौरव अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि १९९७ च्या मे महिन्यात डिलनला बुरशीजन्य संसर्गामुळे हृदयावरणाचा दाह होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. त्यामुळे अनेकांनी ही गीते, विशेषतः 'नॉट डार्क येट', मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाचे उद्गार म्हणून ऐकली. वस्तुतः गीते आजारापूर्वीच लिहिली गेली होती आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मुख्यतः जानेवारी १९९७ मध्ये मायामी येथे झाले होते. म्हणजे येथे कार्य आधी आणि कारण नंतर, असा विपरीत क्रम मानावा लागतो.

ही चूक केवळ कालगणनेची नाही. तिच्या मुळाशी गीतातील 'मी' म्हणजे गायक स्वतःच, हे गृहीत आहे. ब्लूज व जुनी लोकगीते ह्यांच्या परंपरेत लांबचा रस्ता, रात्र, वियोग, मरण ही सर्वांच्या मालकीची भाषिक सामग्री असते. तेथील 'मी' एका गायकाकडून दुसऱ्याकडे जातो. डिलनचे १९९२ व १९९३ मधील दोन्ही अल्बम अशाच जुन्या गीतांचे होते. नव्या संग्रहातील भाषेची तयारी तेथे दिसते. ती रुग्णालयात शोधण्याचे कारण नाही. अर्थात सामग्री परंपरेची असली तरी निवड आणि रचना कवीची असते. पंचावन्न वर्षांच्या माणसाला मरणाचा विचार सुचण्यासाठी आजाराची गरजही नसते. शिवाय 'हायलँड्स' हे सोळा मिनिटांहून दीर्घ गीत पाहावे. त्यात बोस्टनमधील एका उपाहारगृहातील वाढपिणीशी निवेदकाचा जो विक्षिप्त संवाद चालतो, तो निखळ विनोदी आहे. मृत्युशय्येची कथा मनात धरून बसलेल्या श्रोत्याला ह्या विनोदाचे काय करावे हेच कळत नाही.

आवाजाविषयीही हेच म्हणता येईल. थकलेला, दुरून येणारा असा जो स्वर आत्मचरित्राचा पुरावा मानला गेला, त्याच्या घडणीत निर्माता डॅनियल लानवा ह्याच्या ध्वनियोजनेचा मोठा वाटा होता. २०२३ मध्ये त्याच मुद्रणांचे नवे मिश्रण प्रसिद्ध झाले, आणि तो कंठ पुष्कळ जवळ आला. आवाज झिजलेला होता हे खरे. परंतु ते दूरत्व बव्हंशी तंत्राने निर्माण केलेले होते.

१९८९ मध्ये 'ओह मर्सी' प्रसिद्ध झाला, तेव्हाही पुनरागमनाचीच भाषा वापरली गेली होती. त्याचाही निर्माता लानवाच होता. ह्या मधल्या काळात डिलन वर्षानुवर्षे रंगमंचावर गात होता. आठ वर्षांत दोनदा 'परत आलेला' हा कलावंत मुळात गेला कोठे होता, हा प्रश्न समीक्षेने स्वतःलाच विचारावयास हवा. पुष्कळदा कलावंत जागीच असतो. दूर गेलेले असते ते समीक्षकांचे लक्ष. ते परत आले की त्या घटनेला कलावंताचे पुनरागमन असे नाव मिळते. ह्यात कलावंताचा गौरव होतो खरा, पण त्याने दरम्यान केलेल्या श्रमांची नोंद मात्र राहून जाते, आणि ती ठेवणे हेच समीक्षेचे पहिले काम आहे.