न उच्चारलेले क्रियापद

शिवी आणि उपमा यांत एक भेद आहे. शिवी दिली की वाक्य संपते. उपमेचे वाक्य मात्र ऐकणाऱ्याच्या मनात पुढे चालू राहते. माणसाला ‘चोर’ म्हणणे हा आरोप झाला. त्याला ‘डाग’ म्हटले, की तो पुसून टाकण्याची क्रिया न सांगताच सुचते. द्वेषाच्या भाषेचे सामर्थ्य या न उच्चारलेल्या क्रियापदात आहे.

केनियाचेच उदाहरण घ्या. स्वाहिली भाषेत ‘मादोआदोआ’ म्हणजे ठिपके, डाग. रिफ्ट व्हॅलीच्या राजकारणात हा निरुपद्रवी शब्द बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या जमातींना लावला गेला. डिसेंबर २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तेथे जो हिंसाचार उसळला, त्यात वाकी आयोगाच्या नोंदीप्रमाणे १,१३३ माणसे मेली. ती केवळ शब्दांनी मारली नाहीत. जमिनीचे जुने तंटे, निकालावरील अविश्वास, टोळ्यांचे हल्ले, पोलिसांच्या गोळ्या ही कारणे होतीच. तथापि शेजाऱ्याला ‘शेजारी’ म्हणत त्याचे घर पेटवणे कठीण. आधी त्याचे नाव बदलावे लागते.

तेव्हा असा मजकूर मोबाइलच्या संदेशांतून फिरला. पुढे फेसबुक व व्हॉट्सॲप आले. सभेतल्या वक्त्याला निदान चेहरा असतो. हातोहात पुढे जाणाऱ्या संदेशाचा कर्ता हरवतो आणि क्रियापद तेवढे उरते. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी तेथील राष्ट्रीय एकात्मता आयोगाने द्वेषमूलक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘मादोआदोआ’ होता, तसाच ‘क्वेक्वे’ म्हणजे ‘तण’ही होता. यादी उपयुक्त खरी. पण ‘डाग’ वर्ज्य केला तर उद्या ‘कचरा’ येईल. हे सारे घराशेतातले साधे शब्द. दिवाळीच्या झाडलोटीत आपणही ते सहज उच्चारले. यादी नाम पकडते, क्रियापद निसटते.

यावर एक उतारा केनियातच निघाला. जानेवारी २००८ मध्ये ‘उशाहिदी’, म्हणजे ‘साक्ष’, या नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. कोठे काय घडले, हे लोकांनी कळवावे आणि त्याची नकाशावर नोंद व्हावी, अशी योजना होती. मोबाइल तोच, वाक्याची घडण मात्र उलटी: येथे स्थळ आहे, घटना आहे, आणि माणूस माणूसच आहे.

निवडणुकीच्या दिवसांत हाती येणाऱ्या संदेशाची एवढी समीक्षा कोणाही वाचकाला करता येईल. यात माणसाला कशाची उपमा दिली आहे? आणि ती आपल्याकडून कोणते क्रियापद वदवून घेते?