लेफ्टनंट मूर आणि धारवाडच्या वेढ्यांतील तोफखाना : एक परीक्षण

कॅप्टन लिटलच्या फौजेच्या मोहिमेचें एडवर्ड मूर यानें लिहिलेलें वृत्त इ. स. १७९४ त लंडन येथें प्रसिद्ध झालें. पेशव्यांच्या तोफखान्याविषयीं लिहिणारे आजहि त्याचा आधार घेतात. त्यांतील एक वर्णन तर म्हणीसारखें झालें आहे : गोलंदाज तोफ भरून अर्धा तास धूम्रपान व गप्पा करीत बसतात, मग ती डागतात, आणि धुरळा उडाला कीं कृतार्थ होतात, दुपारीं दोन तास उभयपक्षीं तोफा जवळजवळ बंदच. सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२८ च्या ग्रंथांतहि मूरची साक्ष आहेच. हा साक्षीदार कोण, हें मात्र क्वचितच विचारलें जातें.

मे १७८२ मध्यें मूर कंपनीच्या मुंबई लष्करांत कॅडेट झाला. सप्टेंबरांत जहाजावर चढला तेव्हां त्यास बारा वर्षेंहि पुरीं नव्हतीं. (त्याच मे महिन्यांत सालबाईचा तह होऊन आमचें मुलुंड जींत मोडतें ती साष्टी इंग्रजांकडे कायम झाली.) १७८८ त तो लेफ्टनंट झाला. धारवाडास तो वेढा चालू असतां जाऊन मिळाला, आणि तोहि पायदळाचा अधिकारी म्हणून. म्हणजे मराठी तोफखान्यावरील हा प्रसिद्ध अभिप्राय विशींतल्या एका पायदळी तरुणाचा आहे.

त्यानें डोळ्यांनीं पाहिलें तें आम्ही नाकारीत नाहीं. तोफांचीं नाना मापें, जड गाडे, ते ओढणाऱ्या बैलांच्या लांबच लांब रांगा, हें सर्व विश्वसनीय आहे. मारा मंद होता हेंहि खरें. स्वाभिमानापायीं तें झांकूं पाहणाऱ्या आमच्या लेखकांशीं आम्ही सहमत नाहीं. परंतु मंदपणाचें कारण केवळ आळस, हें अनुमान मूरच्याच वृत्तांत टिकत नाहीं. ता. ७ फेब्रुवारी १७९१ रोजीं इंग्रजांनीं केलेला हल्ला, खंदक भरण्यासाठीं टाकलेल्या काटक्यांच्या मोळ्या किल्लेकऱ्यांनीं पेटविल्यामुळें, फसला. मूर स्वतः त्या हल्ल्यांत होता. कर्नल फ्रेडरिक मार्चांत वारला. एप्रिलच्या आरंभीं बद्रुज्जमानखानानें किल्ला सोडला तो सुलतानढव्यामुळें नव्हे, लांबलेल्या वेढ्यानें जेरीस येऊन. अशा वेढ्यांत दारूगोळा पुरवून वापरणें हा परशुरामभाऊंचा हिशेबहि असूं शकेल. तसा तो होता कीं काय, हें कागदांवरूनच ठरविलें पाहिजे.

ते कागद आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहांत या स्वारींतील पटवर्धनी पत्रें छापलीं आहेत. तीं मूरच्या शेजारीं ठेवून तारीखवार वाचण्याचे श्रम किती जणांनीं घेतले? पानसे घराण्याकडे तोफखान्याचा कारभार होता, आणि १७६५-६६ त आंबेगव्हाण येथें गोळ्यांचा कारखाना निघाला होता. अशा कामांत हिशेब आलेच. संग्राहक सहीशिक्क्याचीं पत्रें जपतात व दारू, शिसें, बैल यांच्या याद्या क्षुल्लक म्हणून रुमालांतून वेगळ्या काढतात. धारवाडच्या तोफा दिवसाकाठीं किती वेळां डागल्या जात, याचें उत्तर असल्याच एखाद्या यादींत सांपडण्याचा संभव अधिक. ज्यांच्याजवळ १७९० व १७९१ सालचे असे रुमाल असतील, त्यांनीं ते न फोडतां नक्कल करूं द्यावी.