नांव, नाद आणि विद्यार्थ्यांचे चित्रपट

चित्रपटाच्या शाळेंतील विद्यार्थी आपली कृति सिद्ध करूं लागतो तेव्हां त्याच्यापाशीं जवळजवळ कांहींच नसतें. नट बहुधा सहाध्यायी, नेपथ्य म्हणजे कोणाची तरी भाड्याची खोली, मुदत चार-आठ दिवसांची. अशा कृतींतील देखाव्यांचीं उणीं काढीत बसणें म्हणजे दरिद्री यजमानाच्या पंगतींत पक्वान्नें मोजण्यासारखें आहे. परंतु दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्यांस पैसा फारसा लागत नाहीं. लागते ती बुद्धि. प्रेक्षकाच्या कानांवर काय घालावयाचें हें ठरविणें ही एक, आणि कृतीस नांव देणें ही दुसरी. विद्यार्थ्याचें मन कितपत पिकलें आहे हें पाहावयाचें तर येथेंच पाहावें, असें मला वाटतें. आणि चमत्कार असा कीं, हींच दोन कामें बहुतेक ठिकाणीं सर्वांत शेवटीं, घाईघाईनें उरकलीं जातात.

आपल्या साहित्यशास्त्रानें 'ध्वनि' हा शब्द मोठ्या मार्मिकपणें निवडला. आनंदवर्धनानें नवव्या शतकांत काव्याचा आत्मा म्हणून ज्याची प्रतिष्ठापना केली तो ध्वनि म्हणजे न सांगितलेला, केवळ सूचित झालेला अर्थ. घंटेचा टोला पडून गेल्यावर मागें जो नाद घुमत राहतो, त्याचा दृष्टांत या शास्त्रकारांस फार आवडे. भावाचें नांव घेऊन भाव सांगणें हा दोष होय, असेंही हेंच शास्त्र म्हणतें. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशां'त रसदोषांची गणना याच दोषापासून सुरू होते. 'शोक, शोक' असें म्हटल्यानें कोणाच्या डोळ्यांस पाणी येत नाहीं.

आतां महाविद्यालयांच्या लघुपट-स्पर्धांतून भेटणारीं नांवें पाहावीं. 'घुसमट', 'वेदना', 'एकाकी', 'शोध'! पडदा उजळण्यापूर्वींच कर्ता प्रेक्षकास बजावून मोकळा होतो कीं, बाबा रे, येथें गुदमरावयाचें आहे. मग खिडकी येते, पाऊस येतो आणि त्यावर संगणकांतील तयार संग्रहांतून उचललेले बांसरीचे किंवा पियानोचे मंद सूर येतात. डोळ्यांस दिसलें तेंच कानांस, आणि कानांस ऐकूं आलें तेंच नांवांत! वीस वर्षांच्या मुलास शांततेची भीति वाटावी हें स्वाभाविक आहे. त्याची कुचेष्टा करण्यांत अर्थ नाहीं. 'पार्श्वसंगीत भावपूर्ण' असा शेरा मारून त्यास गुण देणारे परीक्षक मात्र क्षम्य नव्हेत.

ही भीति ज्यांस नव्हती अशीं माणसें पुण्यांतच होऊन गेलीं. ज्या आवारांत १९६० सालीं सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था निघाली तें मूळचें प्रभात कंपनीचें. तेथेंच १९३७ सालीं व्ही. शांताराम यांनीं 'कुंकू' काढला. आपल्याकडे बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षें झालीं होतीं आणि गाण्याबजावण्याची नुसती लयलूट चालली होती. अशा काळांत या चित्रपटानें पार्श्वसंगीत वर्ज्य केलें आणि प्रसंगांतील स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली. वृद्ध काकासाहेबांच्या घरांतील घड्याळाचे ठोके म्हणूनच मनांत राहतात. त्यांस झांकणारें दुसरें कांहीं नाहीं. नांवाचें पाहावें तर ना. ह. आपटे यांची मूळ कादंबरी 'न पटणारी गोष्ट', आणि हिंदी आवृत्ति 'दुनिया न माने'. या दोहोंत कोणाचा ना कोणाचा अभिप्राय आधींच येऊन बसला आहे. 'कुंकू' हें नुसत्या वस्तूचें नांव. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेल्या नीरेच्या कपाळावर तें आहे. तें तिचें कीं तिच्यावर लादलेलें, हें नांव सांगत नाहीं. तिन्हींत श्रेष्ठ तेंच.

असें कोरडें नांव विद्यार्थ्याच्या हातून कसें साधतें, याचा वस्तुपाठ आपण ज्यास लॉड्झ म्हणतों त्या पोलंडांतील वूच शहराच्या चित्रपटविद्यालयांत सांपडतो. रोमान पोलान्स्की यानें १९५८ सालीं विद्यार्थिदशेंत केलेल्या सुमारें पंधरा मिनिटांच्या कृतीचें नांव 'दोन माणसें आणि एक कपाट'. समुद्रांतून दोघे जण एक आरशाचें कपाट उचलून बाहेर येतात आणि शहरांत हिंडतात. ट्राम, खाणावळ, हॉटेल, कोठेंच कपाटासह त्यांस थारा मिळत नाहीं. ते मार खातात आणि शेवटीं कपाट घेऊन पुन्हां समुद्रांत शिरतात. साऱ्या चित्रांत संवाद नाहीं. त्यामुळें दाराशीं अडविणारा कोणीही नकाराचें कारण सांगत नाहीं, आणि तें कारण आपण शोधूं लागतों. कारण उच्चारलें गेलें असतें तर कपाट हें कपाटच राहिलें असतें! क्रिश्तोफ कोमेदा याचें जॅझ संगीत या दोघांसाठीं रडत बसत नाहीं. त्यांच्या चालण्यास तें केवळ चाल देतें. आणि नांव तर जमाखर्चाच्या वहींतील नोंदीसारखें. 'बहिष्कृत' असें तें ठेविलें असतें तर पंधरा मिनिटें बसण्याचें प्रयोजनच उरलें नसतें.

अमेरिकेंत जॉर्ज लूकस यानें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९६७ सालीं केलेल्या कृतीचें नांव इतकें साधें नाहीं: 'इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ : टीएचएक्स ११३८ ४ईबी'. भुयारांतून एक माणूस पळतो आहे आणि यंत्रांपुढें बसलेले लोक त्याचा माग काढीत आहेत. त्यांचे तुटक आवाज, आंकडे, खरखर यांतून निम्में वाक्य कळतें, निम्में कळत नाहीं. आणि ज्या राज्यांत माणसास क्रमांक असतो तेथें बोलणें असेंच असावयाचें. नांवाचा उत्तरार्ध या आवाजांशीं एकजीव आहे. पूर्वार्धांतील भूलभुलैया ही मात्र कर्त्यानें समासांत लिहिलेली टीप. याच कल्पनेवर १९७१ सालीं मोठा चित्रपट निघाला तेव्हां ती टीप गळाली, आणि कांहीं बिघडलें नाहीं.

पुन्हां पुण्यास येऊं. फ्रान्समध्यें कान येथील महोत्सवांत विद्यार्थ्यांच्या कृतींसाठीं १९९८ पासून एक स्वतंत्र विभाग आहे. २०२४ सालीं त्यासाठीं ५५५ शाळांतून २,२६३ कृति आल्या, १८ निवडल्या गेल्या, आणि पहिलें पारितोषिक पुण्याच्या संस्थेंतील चिदानंद एस्. नाईक यांच्या कन्नड लघुपटास मिळालें. त्याच्या नांवाचा अर्थ 'सूर्यफुलांना आधीं कळलें' असा होतो. कथा लोककथेच्या वळणाची. एक म्हातारी गांवचा कोंबडा चोरते. सूर्य उगवतच नाहीं. गांव अंधारांत बुडतो. कोंबडा परत यावा म्हणून भविष्यवाणीचा आधार घेऊन म्हातारीच्या घरच्यांस हद्दपार करतात.

मराठी वाचकास येथें आपली म्हण आठवल्यावांचून राहणार नाहीं: कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. या कथेंत तें राहतें! म्हणीचें शहाणपण उलटें केलें कीं आवाजाचें महत्त्व एकदम वाढतें. कारण आतां आरवणें ही पहांटेची वर्दी नव्हे, तेंच पहांटेचें कारण. म्हणजे या लघुपटाचा सारा डोलारा एका न ऐकूं येणाऱ्या आवाजावर उभा आहे. चार दिवसांत चित्रण उरकावयाचें असतां असा विषय निवडणें यांत व्यवहारचातुर्यही आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं.

नांव तर त्याहून चतुर. वर सांगितलेल्या कथेच्या सारांशांत सूर्यफुलें कोठेंच येत नाहींत. आवाज हरवल्याची गोष्ट, आणि नांव मात्र अशा वस्तूचें कीं जिला कान नाहींत, तोंड नाहीं. जी उजेडाकडे वळते एवढेंच. गांव कोंबड्याची वाट पाहत असतांना ज्यांनीं कांहींच ऐकलें नाहीं त्यांना आधीं कळलें. काय कळलें, हें नांव सांगत नाहीं. तें थोडें लांब आहे, किंचित् नटवेंही आहे. दुसऱ्या कोणा कृतीवर तें मला सोसलें नसतें. परंतु त्यांत भावाचा एकही शब्द नाहीं. इंग्रजी नांव देतांना मूळ अर्थ जसाच्या तसा ठेवला हेंही बरें केलें. परदेशी प्रेक्षकांस गोष्ट चटकन् उमजावी म्हणून त्यांत कोंबडा आणला असता, तर सूर्यफुलें गेलीं असतीं.