कठोरगर्भा सीतेचे स्वप्न

परशुरामपंत गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात भवभूतीचे 'उत्तररामचरित' मराठीत आणले. तेव्हापासून या नाटकावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. तिसऱ्या अंकातील अदृश्य सीता, करुणरसाचे स्थान, रामाचा राजधर्म हे विषय वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पहिल्या अंकाची चर्चा मात्र बहुधा रामाच्या निर्णयाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्या अंकातील सीतेचे दिवस भरत आले आहेत, ही गोष्ट केवळ कथानकाची सोय म्हणून घेतली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अंक तिच्या त्या अवस्थेवरच उभा आहे.

तिची परिस्थिती पाहावी. सासवा ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्राला गेल्या आहेत. सीता 'कठोरगर्भा', म्हणजे पूर्ण वाढलेल्या गर्भाची, म्हणून तिला नेलेले नाही. वडील जनक नुकतेच मिथिलेस परतल्यामुळे ती खिन्न आहे आणि राम धर्मासनावरून उठून तिची समजूत घालण्यास आला आहे. अष्टावक्र वडीलधाऱ्यांचा निरोप आणतो की, तिचे जे डोहाळे असतील ते अवश्य पुरवावेत. घर भरलेले आहे, पण जिच्याजवळ मनातले भय बोलावे अशी एकही वडीलधारी बाई त्यात नाही. पहिलटकरणीस माहेरी धाडणाऱ्या आपल्या घरांना या उणिवेची तीव्रता वेगळी समजावून द्यावयास नको.

मग लक्ष्मण चित्रे दाखवू लागतो. येथे कालिदासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात चित्रांनी सजलेल्या महालात राम-सीतेला दंडकारण्यातील दुःखे आठवतात आणि आठवता आठवता ती सुखरूप होतात. भवभूतीने बहुधा हेच बीज उचलले. पण त्याच्या सीतेला शूर्पणखेचे चित्र दिसताच पुढचा वियोग जणू आताच घडतो आहे असे वाटते. हे केवळ चित्र आहे, असे रामाला सांगावे लागते. पंचवटी, गोदावरी, जनस्थान असे एकेक दृश्य सरकते तसे तिचे मन आनंद, भय आणि उत्कंठा यांत हेलकावे खाते. याच ओघात तिला डोहाळा सुचतो: पुन्हा त्या वनांतून हिंडावे, भागीरथीत उतरावे. मग ती थकून रामाच्या बाहूवर झोपी जाते आणि झोपेत बोलते. आर्यपुत्र कोठे आहेत, असे विचारते.

आपल्या परंपरेतील इतर गर्भवतींची स्वप्ने शेजारी ठेवली की या एका उद्गाराचे वेगळेपण ध्यानी येते. मायादेवीने पांढरा हत्ती पाहिला. जैन 'कल्पसूत्रा'तील त्रिशलेने चौदा मंगल वस्तू पाहिल्या आणि स्वप्नपाठकांनी त्यांची फळे राजाला सांगितली. 'रघुवंशा'च्या दहाव्या सर्गात दशरथाच्या राण्यांना गरुड दिसतो आणि ते ऐकून दशरथ धन्य होतो. स्वप्न आईला पडते, पण ते असते पुत्राविषयी आणि त्याचा अर्थ लावतात पुरुष. सीतेच्या स्वप्नात पुत्र नाहीत, शुभचिन्हे नाहीत. ते सर्वस्वी तिचे स्वतःचे आहे. वनात एकदा जे भोगले त्याची भीती त्यात आहे.

नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हे पुढील त्यागाचे सूचन आहे, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन दाराशी आला आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तथापि भवभूती तेवढ्यावर भागवत नाही. तो रामाच्या तोंडी त्या स्वप्नाचे कारण घालतो: चित्रे पाहून मनात जागलेली विरहाची भावनाच तिला झोपेत छळते आहे. शकुनाची भाषा येथे मुळीच नाही. दिवसाचा अनुभव रात्री परत येतो, इतकेच राम सांगतो.

गर्भवतीचे मन असे अस्थिर असते, हे आयुर्वेदाला माहीत होते. चरकाच्या शारीरस्थानातील चौथ्या अध्यायात आठव्या महिन्याविषयी म्हटले आहे की, ओज आई आणि गर्भ यांच्यामध्ये जा-ये करते, म्हणून ती क्षणात हर्षित तर क्षणात म्लान होते. आज हे कारण कोणी तसेच मानणार नाही, पण निरीक्षण अचूक आहे. शेवटच्या तिमाहीत लघवीला उठावे लागते, बाळ हालते, कूस सापडत नाही; झोप वारंवार मोडते आणि स्वप्नाच्या मध्यातच जाग आल्यामुळे ते ठळकपणे आठवते. माँट्रियल येथील संशोधकांनी 2007 साली गर्भवती आणि बाळंतिणी यांच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेत बोलणे, हातपाय हलवणे, रडणे या गोष्टी त्यांना विरळा आढळल्या नाहीत. म्हणून भवभूती विज्ञानाच्या पुढे होता असे म्हणण्याचा सोस आपण करू नये. त्याने पाहिले आणि लिहिले, एवढे श्रेय पुरेसे आहे.

आपण मात्र दोन शब्दांवर भागवत आलो. चांगली इच्छा झाली की 'डोहाळे' आणि वाईट स्वप्न पडले की 'दृष्ट'. मराठी घरे इंदूर-बडोद्याला गेली तेव्हा बरोबर डोहाळजेवणही गेले. झोपाळा, नाव, चांदणे आणि फुलांची वाडी हौसेने टिकली. या सोहळ्यात आंबट-गोड काय हवे ते विचारले जाते; भय वाटते का, असे विचारण्याची जागा त्यात नाही. स्वप्न सांगू लागलेल्या सुनेला 'अभद्र बोलू नये' असे म्हणून गप्प करणारी माया खोटी नसते, पण त्या मुलीची रात्र तिची एकटीचीच राहते. असे भय दिवसाही सुटेना आणि झोपच उडाली, तर ते डॉक्टरांच्या कानी घालावयाचे असते. पण घरातच ज्याला वाचा मिळाली नाही ते तिथवर पोहोचणार कसे?

राम तसे गप्प करीत नाही. त्याने ऐकले, कारणही अचूक ओळखले, तिला प्रेमाने कुरवाळले. आणि दुर्मुखाचे बोलणे संपल्यावर याच रामाने तिच्या मस्तकाखालून आपला बाहू काढून घेतला. गंगातीरी जाण्याचा तिचा डोहाळा तिला वनात नेऊन सोडण्याचे निमित्त ठरला. रामाला निर्दय ठरवून टीकाकार मोकळे होतात. परंतु निर्दय मनुष्याला ते स्वप्न कळलेच नसते. ज्याला तिचे भय सर्वांत नेमके कळले होते, त्याच्याच हातून ते खरे झाले. यामुळेच हा अंक मला तिसऱ्या अंकापेक्षाही सोसवत नाही.

जाग आल्यावर सीता स्वतःलाच दटावते. दुःस्वप्नाने फसून आपण उगाच आर्यपुत्रांना हाक मारली, असे तिला वाटते. मग शेजारी पाहते, तो राम नाही. झोपलेलीला एकटी टाकून गेले, आता रागावीनच, ती म्हणते. मात्र ते समोर आल्यावर राग टिकला तर. इतक्यात रथ सज्ज असल्याचे सांगण्यास दुर्मुख येतो. ती तपोधनांना, रघुकुलाच्या देवतांना, आर्यपुत्राच्या चरणांना आणि सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार करून निघते.