सैनिकाची आठवण : पुरावा आणि आत्मकथन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा लष्कराशी असलेला संबंध जुना आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षणकेंद्र नगरास आहे आणि जुन्या रणगाड्यांचे संग्रहालयही तेथे १९९४ मध्ये उघडण्यात आले. युद्धाचे लोखंड असे जतन झाले; परंतु युद्धावर गेलेल्या माणसांचे शब्द कोठे आहेत? आणि ते हाती आल्यास त्यांची परीक्षा कोणत्या निकषाने करावयाची? जिल्ह्यातील दोन उदाहरणे घेऊन या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण निमज येथील नामदेव जाधव यांचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या तरुण शिपायाने दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगपेरल्या वाटेने सुरक्षित जागी नेले. नंतर शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने निकामी केली. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले आणि अखेर बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा करीत मागील सैनिकांना पुढे बोलाविले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा वृत्तान्त आपणांस पोहोचतो तो सन्मानपत्रातून, म्हणजे वरिष्ठांच्या इंग्रजीतून. त्यात कृतींचा क्रम चोख आहे. तथापि मृत साथीदारांचा सूड घेण्याचा निर्धार त्यांनी केला, असेही ते पत्र सांगते. येथे लेखणी कृतीवरून मनात शिरली आहे. जखमीचे ओझे घेऊन दुसऱ्यांदा पाण्यात उतरताना त्या मनात काय होते, हे मात्र सन्मानपत्रास सांगता येत नाही. सन्मानपत्र हा पुरावा आहे, आत्मकथन नव्हे.

दुसरे उदाहरण राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांचे. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात ते लष्करी वाहन चालवीत असता हल्ला झाला, सोबतचे सैनिक मारले गेले व आपण वाचलो, ही आठवण त्यांनी वेळोवेळी सांगितली आहे. वाचलेले आयुष्य लोकसेवेस द्यावे, हा संकल्प तिच्याशी निगडित आहे. या प्रसंगाच्या निरनिराळ्या वृत्तान्तांत हल्ल्याचे स्वरूप कोठे विमानातून झालेला मारा, कोठे बॉम्ब, तर कोठे सीमेवरील गोळीबार असे आढळते. इतिहासकारास हा दोष वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र काय बदलते आणि काय स्थिर राहते, हे पाहावयास हवे. तपशील हलतो, ‘मीच का वाचलो?’ हा प्रश्न हलत नाही. ही आठवण त्या प्रश्नाभोवती रचली गेली आहे. म्हणून आत्मकथन म्हणून ती समर्थ आहे. युद्धाचा पुरावा म्हणून तिला अन्य आधार हवा. या दोन विधानांत विरोध नाही.

लिखित स्मृतिग्रंथ हा बहुधा अधिकाऱ्यांचा प्रकार राहिला. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्यासारख्या मराठी सेनानीनेही आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी पाठविलेली पुष्कळशी पत्रे आज केवळ टपाल-तपासनिसाने केलेल्या इंग्रजी उताऱ्यांत उरली आहेत. साध्या शिपायाचा शब्द प्रथम लेखनिकाच्या आणि मग भाषांतरकाराच्या हातून जातो.

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही स्थिती मराठीस अपरिचित नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी सांगितलेली ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे एकनाथांनी तिच्या पाठाची शुद्धी केली. पाठभेदांकडे सावधपणे पाहण्याची ही शिस्त सैनिकांच्या आठवणींनाही लावावी. भेद इतकाच, की ग्रंथाच्या बाबतीत आपण मूळ पाठाचा शोध घेतो. आठवणीच्या बाबतीत प्रत्येक कथन हे त्या वेळचे मूळच असते. म्हणून ती कथने एकमेकांत मिसळून एक ‘शुद्ध’ हकीकत तयार करणे अयोग्य होय. केव्हा, कोणासमोर व कशाच्या ओघात सांगितले, याची नोंद प्रत्येक पाठासोबत हवी.

१९६५ चे सैनिक आज ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत; १९७१ चे सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या बोलीतच, त्यांच्या अडखळण्यासह, या आठवणी टिपून घेणे हे मराठी विभागाचे काम आहे. उशीर झाला, तर आपल्या हाती केवळ सन्मानपत्रे उरतील.