शाहिराची नाममुद्रा आणि कायद्यातील कर्ता

साकोलीच्या परिसरात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि दंडार, खडी गंमत यांचे प्रयोग होतात. त्यांत गायिली जाणारी सर्वच गीते अनामिक असतात, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. शाहिरी परंपरेत कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. ही नाममुद्रा म्हणजे कर्तृत्वाची घोषणाच होय. पेशवाईतील ‘होनाजी बाळा’ या मुद्रेत तर रचनाकार होनाजी व गायक बाळा करंजकर हे दोघेही एकत्र नांदतात.

१९५७ चा कॉपीराइट कायदा गीताच्या शब्दांना साहित्यकृती मानतो. कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे हे संरक्षण टिकते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ अन्वये कर्त्याला आपले नाव सांगण्याचा व आपल्या प्रतिष्ठेस बाधक अशा विरूपणास हरकत घेण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रित गीताच्या स्वामित्वधनात गीतकाराचा समान वाटाही मान्य केला.

परंतु या सर्व हक्कांच्या मुळाशी कर्ता कोण, हा प्रश्न आहे. संकलकाने शेवटचे कडवे गाळून ‘लोकगीत, कर्ता अज्ञात’ असा शिक्का मारला, की शाहिराच्या दाव्याचा आधारच नाहीसा होतो. संकलनावरील हक्क मात्र संकलकाकडे राहतो. विमा उतरवला तरी तो फार तर दाव्याचा खर्च भरून देईल. कर्तृत्व सिद्ध करून देणार नाही.

पाठाच्या ‘शुद्धीकरणा’नेही हीच हानी होते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी जिच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. म्हणून ‘कारा’ व ‘वारा’ यांचे यमक जुळते. संपादकाने ‘काळा’ छापताच ते मोडते आणि रचना कोणत्या बोलीत झाली याचा अंतर्गत पुरावाही पुसला जातो.

नाममुद्रा हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. प्रसिद्ध कवीच्या मुद्रेखाली परक्या रचना शिरल्याचे दाखले संतवाङ्मयात विपुल आहेत. म्हणूनच गायकाचे नाव, गाव, तिथी व मुद्रेसह संपूर्ण पाठ मूळ उच्चारानुसार नोंदविणे अगत्याचे ठरते. अशी नोंद भाषाभ्यासाचे साधन तर आहेच. शाहिराच्या वारसांच्या हाती ती न्यायाचेही साधन ठरू शकते.