माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम : वारणेच्या अनुभवातून एक चिकित्सा

माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात प्रणाली-विकासाच्या टप्प्यांना मध्यवर्ती स्थान असते. वापरोत्तर मूल्यमापन मात्र बहुधा टीपेपुरते उरते. ही उणीव किती गंभीर आहे, हे वारणानगरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९९८ मध्ये तेथील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतीविषयक व्यापक माहिती पुरविणे हा उद्देश होता. प्रत्यक्ष उपयोग मुख्यतः साखर कारखान्याच्या ऊसविषयक नोंदींपुरताच राहिला. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत हेच काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांद्वारे अल्प खर्चात करण्याचा प्रयोग यशस्वी झाला. तात्पर्य, साधनाची निवड गरजेच्या आकलनानंतरच व्हावयास हवी. कार्यरत प्रणालीची चिकित्सा प्रकल्पकार्यात अनिवार्य केल्याखेरीज विद्यार्थी आराखडे रेखाटील. व्यवस्थापन शिकणार नाही.